श्रद्धा खोल कशी रुजेल? शोधणे, देणे आणि आज्ञापालन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासनेनंतरच्या चहाच्या वेळी, व्हॉट्सॲपवर, कधी नाव न घातलेल्या चिठ्ठीवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत नगरकडच्या मंडळ्यांतले लोक आहेत, वसईचे कॅथलिक आहेत आणि अजून बाप्तिस्मा न घेतलेलेही आहेत. चर्चपरत्वे शिकवण जिथे वेगळी पडते तिथे तसे म्हटले आहे. दिलेली वचने कृपया उघडून, मागच्या-पुढच्या ओळींसकट वाचा. यातले बरेचसे गोंधळ अर्धे वचन तोडून सांगण्यातूनच झाले आहेत.

१. मी जन्मापासून ख्रिस्ती आहे. मग देवाला आणखी शोधायचे म्हणजे काय?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी मोकळेपणी सांगितले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त भेटायला आणखी काही वर्षे गेली. एवढ्या विदुषीला हे कबूल करण्यात कमीपणा वाटला नाही. मग चर्चच्या रजिस्टरात नाव आहे एवढ्यावर आपण का थांबावे?

पूर्ण मनाने शोधाल तर सापडेन, हे यिर्मया २९:१३ चे आश्वासन पुष्कळ घरांत भिंतीवर टांगलेले असते. ते ज्या पत्रात आहे ते बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्यांना लिहिलेले होते. त्यात आधी काय सांगितले आहे पाहा: घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात राहता त्याचे भले चाहा. सुटकेला सत्तर वर्षे लागणार होती. म्हणजे हा शोध संसार सोडून घ्यायचा नाही. परक्या गावात, नको असलेल्या परिस्थितीत, स्वयंपाक आणि शेतकाम चालू असतानाच घ्यायचा आहे.

२. बायबल कुठून वाचायला सुरुवात करू? उत्पत्तीपासून दोनदा सुरू केले, लेवीयपाशी अडकलो.

तिथे बहुतेक सगळेच अडकतात. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. सोळाच अध्याय आहेत, रोज एक वाचला तर सोळा दिवसांत संपते. मग लूक, प्रेषितांची कृत्ये, आणि सोबत रोज एक स्तोत्र. बायबल सोसायटीच्या जुन्या भाषांतराची मराठी जड वाटत असेल तर सोप्या मराठीतली भाषांतरे आहेत, ती वाचण्यात काहीही गैर नाही. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके आणि प्रॉटेस्टंट बायबलात ६६ असतात. त्यामुळे तुमच्या शेजाऱ्याकडे तोबीतचे पुस्तक दिसले तर दचकू नका.

वाचून झाल्यावर एकच करा: आजच्या भागातून मला करण्यासारखे काय आहे, ते एका ओळीत लिहून ठेवा. 'किती छान वचन आहे' यापुढे आपले वाचन जात नाही, खरी अडचण तीच आहे.

३. प्रार्थनेत मनच लागत नाही.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर दुसऱ्याचे वापरा. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे, आणि ती मोठ्याने वाचायची गोष्ट आहे. मन उदास असताना उसने हसू आणू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, शेवटी 'तरीही हालेलुया' असे काही नाही, आणि तरीही ती प्रार्थनाच आहे. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातले एखादे गीत गुणगुणणे, लोकलमध्ये उभ्याउभ्या प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणणे, हेही चालते. वेळ ठरलेली असावी, मग ती दहा मिनिटांची का असेना.

४. उपास केला की प्रार्थना लवकर ऐकली जाते का?

नाही. 'आम्ही उपास करतो आणि तू पाहतही नाहीस' अशी तक्रार करणाऱ्यांना यशया ५८ मध्ये उत्तर मिळाले आहे: उपासाच्याच दिवशी तुम्ही आपल्या मजुरांना राबवून घेता. देवाला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, बेघराला घरात घेणे. त्यामुळे उपास करायचाच तर त्या जेवणाचे पैसे बाजूला काढून कुणाच्या तरी पोटात जातील असे पाहा, आणि त्या दिवशी मोलकरणीवर चिडू नका.

कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपासाचे बंधन आहे, तेही १८ वर्षे पूर्ण झालेल्यांना साठावे वर्ष लागेपर्यंत. आजारी माणसांना त्यातून सूट आहे. मधुमेह असेल, दिवस गेले असतील, अंगमेहनतीचे काम असेल तर अन्नाऐवजी मोबाइलचा किंवा मालिकांचा उपास करा. तो पुष्कळांना जास्त कठीण जातो.

५. दशांश देणे बंधनकारक आहे का?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे. अब्रामाने मलकीसदेकाला दहावा हिस्सा दिला (उत्पत्ति १४) तो नियमशास्त्राच्या कितीतरी आधी. मोशेच्या नियमात दशांश होता, पण तो पगारातून कापलेला एकच हप्ता नव्हता. शेतीचे उत्पन्न आणि जनावरे यांचा तो भाग. त्यातून मंदिराची सेवा करणाऱ्या, जमीन नसलेल्या लेवींचे पोट भरे, काही भाग कुटुंबाने देवासमोर बसून आनंदाने खायचा असे, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या परदेशी, अनाथ आणि विधवांसाठी ठेवायचा असे (अनुवाद १४:२२-२९). 'देवासमोर बसून आनंदाने खायचा' हा भाग व्यासपीठावरून फारसा कधी ऐकू येत नाही!

येशूने पुदिना, शेप, जिरे यांचाही दशांश देणाऱ्या परूश्यांना खडसावले, पण दशांश सोडा असे म्हटले नाही. न्याय, दया आणि विश्वास या भारी गोष्टी सोडल्या म्हणून खडसावले (मत्तय २३:२३). पौलाच्या पत्रांत विश्वासणाऱ्यांनी दशांश द्यावा अशी आज्ञा कुठेच नाही. तो म्हणतो, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढावे (१ करिंथ १६:२), आणि कुरकुरत किंवा भाग पाडले म्हणून देऊ नये, कारण 'संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो' (२ करिंथ ९:७).

चर्चेसची भूमिका वेगवेगळी आहे. काही प्रॉटेस्टंट मंडळ्या दहा टक्के हा नियम मानतात. कॅथलिक चर्च ठरावीक टक्केवारी सांगत नाही, ऐपतीप्रमाणे चर्चच्या गरजा भागवा म्हणते. आमचे मत विचाराल तर दहावा हिस्सा ही हात सैल करायला चांगली सवय आहे, वर्गणीची पावती नव्हे. महिना बारा हजारांत भाड्याच्या खोलीत चार जणांचे भागवणाऱ्याला दहा टक्के म्हणजे रेशन, दोन लाख मिळवणाऱ्याला दहा टक्के म्हणजे काहीच झळ नाही. दोघांना एकच आकडा सांगून मोकळे होणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते केले जाते.

६. हिशोब एकूण पगारावर करायचा की हातात येणाऱ्या रकमेवर?

प्रॉव्हिडंट फंड आणि टीडीएस मोशेला ठाऊक नव्हते. एक पद्धत ठरवा आणि दर महिन्याला बदलू नका. दुकान असेल तर गल्ल्यावर नव्हे, नफ्यावर. शेती असेल तर बियाणे, खत, मजुरी वजा जाता जे राहील त्यावर, आणि दर महिन्याऐवजी हंगामाला. कापणीच्या सणाला धान्यच आणून ठेवण्याची रीत तुमच्या मंडळीत असेल तर तीही पुरेशी आहे.

७. डोक्यावर कर्ज आहे. आधी हप्ते फेडू की अर्पण देऊ?

हप्ते फेडा. कोणाचे देणे ठेवू नका हेही शास्त्रच आहे (रोम १३:८), आणि सोसायटीचे किंवा सावकाराचे पैसे थकवून दिलेले अर्पण म्हणजे दुसऱ्याच्या पैशातून केलेले दान. उसने काढून तर कधीच देऊ नका. माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे देणे मान्य होते, जे नाही त्याप्रमाणे नाही (२ करिंथ ८:१२).

इथे हटकून दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचा दाखला दिला जातो. तिच्या आधीचे वचन वाचा. मार्क १२:४० मध्ये येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर कोरडे ओढतो आणि लगेच पुढे एक विधवा आपली सगळी उपजीविका पेटीत टाकताना दिसते. त्याने तिचे मोल ओळखले यात शंका नाही. पण ती गोष्ट सांगून गरिबाच्या खिशात हात घालणाऱ्याने स्वतःला चाळिसाव्या वचनात शोधावे.

८. टीव्हीवरचे प्रचारक म्हणतात, 'बी पेरा, शंभरपट परत मिळेल.' हे खरे आहे का?

यासाठी तीन वचने वापरली जातात. तिन्ही तपासू.

जो हात राखून पेरतो तो त्याच मानाने कापणी करतो, हे २ करिंथ ९:६. पौल तिथे कशासाठी पैसे गोळा करतो आहे? यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी. त्याच्या स्वतःच्या सेवेसाठी नव्हे. देणाऱ्यांना काय मिळेल तेही तो सांगतो: आणखी सत्कृत्ये करता यावीत एवढी पुरवणी, आणि देवाची उपकारस्तुती. गाडी आणि व्हिसाचा त्यात उल्लेख नाही.

दुसरे मलाखी ३:१०, आकाशाची दारे उघडण्याचे. ते एका राष्ट्राला उद्देशून आहे आणि 'माझ्या घरात अन्न असावे' असा हेतूही त्यातच दिला आहे. लेवींना वाटा न मिळाल्याने ते शेतावर निघून गेले होते, असे नहेम्या १३:१० मध्ये त्याच सुमाराचे चित्र आहे. मलाखी ३:५ मध्ये मजुराची मजुरी बुडवणारे आणि विधवा-अनाथांना छळणारे यांच्याविरुद्ध देव साक्षीदार म्हणून उभा राहतो. दहावे वचन पडद्यावर येते, पाचवे येत नाही.

तिसरे 'शंभरपट', मार्क १०:३०. तिथे घरे, भाऊबहिणी, शेते मिळतील असे म्हटले आहे, आणि त्याच वाक्यात 'छळणुकीबरोबर' असेही म्हटले आहे. ज्यांच्याशी येशू हे बोलला त्या पेत्रादी शिष्यांपैकी कोणी धनाढ्य होऊन मेल्याची नोंद नाही.

देव उदार आहे, देणाऱ्याला तो उघडे पाडत नाही, हे आम्हीही मानतो. पण परताव्यासाठी दिले की तो व्यवहार झाला. पडद्यावर क्यूआर कोड दाखवून 'पुढच्या दहा मिनिटांत' पेरायला सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

९. मंडळीच्या पैशाचा हिशोब विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे का?

पौलाने वरच्याच वर्गणीच्या वेळी एकट्याने पैसे हाताळले नाहीत. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला माणूस घेतला, आणि कारण लिहून ठेवले: कोणी दोष देऊ नये, प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही जे चांगले ते करावे (२ करिंथ ८:१८-२१). प्रेषिताला जे लागले ते आपल्या खजिनदाराला का लागू नये?

महाराष्ट्रात बहुतेक चर्चेसचे काम १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या न्यासांमार्फत चालते, आणि हिशोब तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करणे विश्वस्तांचे काम आहे. वार्षिक सभेत ताळेबंद मागा, शांतपणे आणि लेखी. पावती घ्या. निव्वळ धार्मिक कामासाठी असलेल्या न्यासाला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सहसा सवलत मिळत नाही, तेव्हा कोणी 'टॅक्स वाचेल' म्हणाले तर प्रमाणपत्र बघायला मागा.

१०. गावाकडे आईवडिलांना पैसे पाठवतो. ते अर्पणात धरले तर चालेल?

उलट बाजूने सुरुवात करू. 'तुम्हांला द्यायचे ते मी कर्बान, म्हणजे देवाला वाहिले आहे' असे सांगून आईबापांना टाळणाऱ्यांना येशूने ढोंगी म्हटले (मार्क ७:९-१३). तेव्हा आईच्या औषधांचे पैसे तोडून दशांश पुरा करू नका. पण आईवडिलांना सांभाळणे हे मुळात कर्तव्य आहे, त्याला 'दान' म्हणताना जरा अडखळावे. दोन्ही थोडेथोडे करा. मंडळीत द्यायला पैसा उरतच नसेल तर पुढचा प्रश्न पाहा.

११. माझ्याकडे स्वतःचे पैसेच नसतात. मी काय देऊ?

मिझोरामच्या प्रेसबिटेरियन चर्चमधल्या बायका शंभराहून अधिक वर्षे एक रीत पाळतात. स्वयंपाकाला तांदूळ घेतला की त्यातला मूठभर बाजूच्या डब्यात टाकायचा, आणि साठलेला तांदूळ चर्चला द्यायचा. त्याला 'बुहफाय थाम' म्हणतात. हातात रोकड नसलेल्या बायकांच्या या मुठींतून तिथल्या चर्चचे केवढे तरी काम उभे राहिले. मूठ काढून ठेवणे आपल्याकडेही नवीन नाही.

याशिवाय संडे स्कूलच्या मुलांना शिकवणे, एकट्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेणे, प्रभुभोजनाची भांडी घासणे. फक्त एक पथ्य: नवऱ्याच्या खिशातून न सांगता काढून अर्पण देऊ नका. घरखर्चातला तुमचा हक्काचा वाटा आधी बोलून ठरवून घ्या.

१२. वरकमाईतून किंवा लाचेच्या पैशातून दान दिले तर?

शौल राजाने अमालेक्यांची उत्तम मेंढरे आज्ञा मोडून राखली आणि वर 'यज्ञासाठीच ठेवली' असे सांगितले. शमुवेलाचे उत्तर प्रसिद्ध आहे: यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे (१ शमुवेल १५). जकातदार जक्कयाने नुसत्या दानावर भागवले नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत (लूक १९:८). आधी ज्याचे त्याला परत करा. माणूस सापडत नसेल तर ते गरिबांना द्या, पण चर्चच्या फरशीवर त्या पैशाने स्वतःचे नाव कोरू नका.

१३. आज्ञापालन म्हणजे पाळकसाहेब किंवा फादर सांगतील ते ऐकणे का?

पुढाऱ्यांचे ऐका असे इब्री १३:१७ म्हणते. बिरुयातले लोक मात्र पौलाने सांगितलेलेही शास्त्रात तपासून पाहत, आणि त्याबद्दल त्यांना थोर म्हटले आहे (प्रेषितांची कृत्ये १७:११).

रमाबाईंचे उदाहरण पुन्हा घ्यावे लागते. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये असताना वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी बजावले की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, तशाच दुसऱ्या जोखडाखाली मान द्यायला तूर्त तयार नाही. त्यांना हट्टी, गर्विष्ठ ठरवले गेले. त्याच बाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला, आणि हिब्रू व ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणण्याचे काम १९२२ साली मृत्यूपर्यंत केले. देवाची आज्ञा पाळायला कुणाच्या होला हो म्हणावे लागत नाही.

व्यवहारात: कोणी तुमचे लग्न, नोकरी किंवा बँक खाते 'देवाने मला दाखवले' म्हणून ठरवू लागला तर दुसऱ्या जाणत्या माणसाशी बोला. अंगाला हात लावणे, धमकी, पैशाची फसवणूक हे प्रार्थनेत सोडून द्यायचे विषय नाहीत. पोलिसात जा.

१४. देवाची इच्छा काय आहे तेच कळत नाही. मग पाळू काय?

नोकरी पुण्यात की दुबईत, हे स्थळ की ते, यावर महिनोन्‌महिने 'चिन्ह' मागणारे पुष्कळ. जमिनीवर लोकर ठेवून तिच्यावर दव पडते का यावरून देवाकडे चिन्ह मागणाऱ्या गिदोनाचा ते आधार घेतात, पण गिदोनाला काय करायचे ते आधीच सांगितलेले होते, लोकर त्याच्या भीतीपोटी होती (शास्ते ६).

योहान ७:१७ मध्ये येशू क्रम उलटा सांगतो: जो त्याची इच्छा पाळायला तयार आहे त्याला शिकवण कुठली आहे ते समजेल. आधी सगळे कळेल आणि मग करू, असे नाही. जेवढे कळले आहे तेवढे केलेत का? तीन वर्षे न बोललेल्या भावाला फोन केलात का? वेदीपाशी आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). त्यासाठी चिन्हाची गरज नाही. दुबईचा निर्णय अक्कल वापरून, दोन जाणत्यांना विचारून घ्या. या संपूर्ण पानावर आमचे एक म्हणणे असेल तर हेच: जेवढे कळले आहे तेवढे आधी करा.

१५. घरचे ख्रिस्ती नाहीत. गणपतीत आरतीला उभे राहू का? प्रसाद घेऊ का?

मूर्तीला दाखवलेल्या अन्नाबद्दल १ करिंथ ८ ते १० वाचा. पौल सरसकट 'हो' म्हणत नाही आणि सरसकट 'नाही'ही म्हणत नाही. पूजेत भाग घेऊ नका म्हणतो, पण कुणाच्या घरी जेवायला बसलात तर चौकशा करत बसू नका असेही म्हणतो. अराम्यांचा सेनापती नामान याने विचारले होते की राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात नमतो तेव्हा मलाही वाकावे लागते, त्याची क्षमा होईल का? संदेष्टा अलीशाने प्रवचन दिले नाही. 'शांतीने जा' एवढेच म्हणाला (२ राजे ५:१८-१९).

मंडळ्यांची मते इथे तीव्र आणि वेगळी आहेत. आमचा सल्ला: स्वतः पूजा करू नका, पण मोदक करायला आईला मदत करा, पाहुण्यांना पाणी द्या, आणि कुणाच्या देवाला नावे ठेवू नका. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. त्या आल्या पुढे काही वर्षांनी, स्वतःच्या मनाने. घरच्यांना तेवढा वेळ द्या.

१६. वांद्र्याच्या माउलीला नवस बोलले होते, आता फेडणे परवडत नाही. काय होईल?

कोप होणार नाही. नवस करून तो न फेडण्यापेक्षा न केलेला बरा, असे उपदेशक ५:४-५ म्हणते हे खरे. पण लेवीय २७:८ मध्ये नवस करणारा गरीब असेल तर याजकाने त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवावे अशी सोयही आहे. कॅथलिक असाल तर फादरांना भेटून नवस बदलून किंवा सोडवून घेता येतो. प्रॉटेस्टंट शिकवणीत संतांना नवस बोलण्याला जागा नाही, तिथे देवाजवळ कबुली देऊन पुढे जा. पुढल्या वेळी 'असे झाले तर तसे देईन' म्हणण्याआधी प्रश्न ८ वाचा.

१७. मी अमेरिकेत असतो. गावच्या चर्चच्या छपरासाठी थेट पैसे पाठवले तर चालतील का?

पासपोर्ट कुठला यावर ते ठरते. तुम्ही अजून भारतीय नागरिक असाल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतले असेल, मग ओसीआय कार्ड असले तरी, ती विदेशी देणगी होते. अशा वेळी त्या न्यासाकडे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी हवी आणि रक्कम त्याच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी. नोंदणी नसताना पाठवलेत तर अडचणीत गावचे विश्वस्त येतील. आधी त्यांना फोन करून विचारा.